लोइझाचं अस्वल

आमच्या लिपोव्का गावात लोइझा व्हर्टलला लोहार म्हणून कोण ओळखतो! तो अस्वल. ईस्टरच्या मोठ्या उपवासाआधीचा मंगळवार आला, की वाटाण्याच्या काडाचा वेष अंगावर, केसाळ मुखवटा डोक्यावर, कमरेला साखळी. मग दारोदारी घरच्या बाईला उचलून नाचवायचं. जितकं उंच उचलाल तितकं जवस उंच वाढतं म्हणे. घरं ओळीनंच घ्यायची, आणि मुखवटा उतरेपर्यंत अस्वलानं तोंडातून शब्द काढायचा नाही. लोइझानं हे वर्षानुवर्षं पाळलं. उताराच्या टोकाला, नदीकाठी, त्याचं स्वतःचं घर शेवटी यायचं. तिथे तो बायकोला, क्वेताला, असा उचलायचा की ती ओरडायची, "मेल्या, छपराला डोकं लागेल माझं!"

त्या वर्षी क्वेता अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकलेले. लोइझा जाणारच नव्हता, पण तिनंच हट्ट धरला. "घरात माशा मारत बसणार आहेस? जा. फक्त माझा नाच चुकवू नकोस हं. उचलायला आता हलकीच झालेय." शेजारची लुडमिला तिच्याजवळ बसली. काही कमीजास्त झालं तर दारातून चादर हलवीन, असं तिनं लोइझाला सांगून ठेवलं.

बेकरीवाल्याच्या बायकोला नाचवताना मुखवट्याच्या भोकांतून त्याला उताराखाली पांढरं काहीतरी हलताना दिसलं. त्यानं बाईला तिथंच सोडलं आणि नदीच्या दिशेनं झेप घेतली. पण साखळीचं दुसरं टोक अस्वलाला फिरवणाऱ्या मातोउश खाटकाच्या हातात.

"अरे, अस्वल पिसाळलं! धरा रे धरा!"

चौघांनी त्याला मागे ओढलं. लोइझानं हात जोडले, जमिनीवर पाय आपटले, पुन्हा ओढ घेतली. लोक पोट धरून हसायला लागले. "वा रे लोइझा, यंदा कमाल केलीस!" सोबत वाजवत फिरणाऱ्या अकॉर्डियनवाल्याला तर चेवच चढला. लोइझा जीव तोडून साखळी ओढत होता आणि आख्खं गाव खिदळत होतं. अक्कल कुठे गहाण पडली होती आमची, देव जाणे.

शेवटी त्यानं मुखवटा उपटून फेकला. चेहरा रडून भिजलेला.

"सोड रे मातोउश! क्वेता..."

वाजवणं थांबलं. मातोउशच्या हातातून साखळी गळून पडली. लोइझा धावत सुटला.

लुडमिला दारातच उभी होती. आतली खिडकी तिनं उघडून ठेवली होती.

"आत्ताच गेली रे," ती म्हणाली. "त्रास नाही झाला. तुमच्या हसण्याचा आवाज ऐकत पडली होती. म्हणाली, आज माझं अस्वल रंगात आलंय. येऊ दे त्याला सावकाश."