अडतीस नंबर

१७ ऑक्टोबर २०२४, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. प्रयोगवहीत या वेळेसमोर माझ्या अक्षरात लिहिले आहे: डाव्या हाताची करंगळी व अनामिका बधिर, त्रेचाळिसाव्या मिनिटाला. पेशी गेली.

पेशी म्हणजे उंदराच्या मेंदूच्या पातळ कापातली एक जिवंत चेतापेशी. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी तिच्या आवरणाला टेकवायची, हलक्या ओढीने घट्ट चिकटवायची आणि पुढची सत्तर मिनिटे तिचे विद्युत्संकेत नोंदवायचे, हे जपानमधल्या सेंदाई शहरातल्या विद्यापीठात माझे काम होते. मेंदूचा काप या काळात अगदी किंचित सरकत राहतो. म्हणून दर दोन-चार मिनिटांनी डाव्या हाताखालचे छोटे चाक तितकेच किंचित फिरवून नळी त्याच्यामागे न्यावी लागते. बधिर बोटाला आपण चाक किती फिरवले हे कळत नाही. नळी आवरण फाडते, आणि सकाळी सहापासूनची सगळी तयारी पडद्यावरच्या एका उभ्या रेषेत संपते.

जानेवारीअखेरपर्यंत मला चाळीस पेशींच्या नोंदी पूर्ण करायच्या होत्या. तेवढ्या झाल्या तर एप्रिलपासून त्याच विभागातल्या सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी माझा विचार होणार होता. न झाल्यास ३१ मार्चला माझा करार संपत होता. त्या सकाळी माझ्याकडे एकोणीस होत्या.

बोटे उन्हाळ्यापासूनच बधिर होऊ लागली होती. मी अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेले. त्यांनी मानेचा एक्स-रे काढला, दिवसातले किती तास वाकून बसता असे विचारले आणि खांद्यावर लावायच्या थंडगार औषधी पट्ट्यांची चौदा पाकिटे दिली. कॉलर बाजूला करून खांदा दाखवा, असे ते म्हणाले नाहीत. मीही दाखवला नाही. मग, जे करायला मला शिकवले गेले आहे, ते मी केले: वहीत तक्ता आखला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. खुर्चीची उंची, सूक्ष्मदर्शकाचा कोन, कोपराखालची उशी, झोपेचे तास. प्रत्येक बदलासमोर बधिरपणा किती मिनिटांनी आला ते लिहिले. आकडा चाळीस आणि पन्नासच्या मध्येच रेंगाळत राहिला. तक्त्यात सात रकाने होते. मी अंगात काय घातले आहे, याचा रकाना नव्हता.

तो रकाना एका अपघाताने उघडला. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, पेशी नुकतीच चिकटलेली असताना, माझ्या ब्राच्या डाव्या पट्ट्याची कडी तुटली. प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटाच्या आत डावी बाजू एकदम खाली गेली. उठून दुरुस्त करावे तर पेशी जाणार, म्हणून मी तशीच बसून राहिले, कोटाची बटणे ताणलेली, चेहरा सूक्ष्मदर्शकात खुपसलेला. सत्तर मिनिटे झाली. डावी बोटे जागी होती. उजवी बधिर झाली होती.

एवढा निर्विवाद प्रयोग मी आजवर ठरवून कधी केलेला नाही.

ब्राचे काम काय, हे खरे तर शाळकरी यंत्रशास्त्र आहे. वजन पेलायचे ते छातीखालच्या आडव्या पट्टीने, कारण ती शरीराभोवती घट्ट बसते. खांद्यावरचे पट्टे केवळ कप जागेवर धरण्यासाठी. आडवी पट्टी सैल असेल तर ती पाठीवर वर चढते आणि सगळे वजन दोन अरुंद पट्ट्यांवर येते. मी पुढे वाकून बसते, म्हणजे ते वजन लोंबकळते. पट्टा खांद्यात जिथे रुततो, तिथूनच खाली हाताकडे नसा जातात. चेतापेशींवर डॉक्टरेट केलेल्या बाईला स्वतःच्या चेतांवर काय टांगले आहे याचा पत्ता नव्हता.

पट्टी सैल का होती, याचे उत्तर पुण्यात आहे. मी चौदा वर्षांची असताना आई मला एका होजिअरीच्या दुकानात घेऊन गेली. गल्ल्यामागच्या काकांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या पंजाबी ड्रेसच्या पुढच्या भागाकडे, एकदा पाहिले आणि वरच्या फळीवरून खोके काढले. त्या दुकानात टेप नव्हता. आई हलक्या आवाजात म्हणाली की साधी द्या, सुती, आणि मोठीच द्या, उठून दिसायला नको. काकांनी तोडगा सांगितला: पुरत नसेल तर पुढचा नंबर घ्यायचा. मोठा कप त्यांच्याकडे नव्हताच, त्यामुळे छाती वाढली की घेर वाढवायचा, हा तिथला नियम. चौतीस, छत्तीस, आणि एम.एस्सी. होईपर्यंत अडतीस. माझ्या बरगड्या मात्र चौदाव्या वर्षी होत्या जवळपास तेवढ्याच राहिल्या. तो अडतीस आकडा माझे माप नव्हता. तो त्या दुकानातल्या टंचाईचा निर्देशांक होता. मी तो माझे माप म्हणून पाठ केला.

जपानला आल्यावर मी काय केले? नेटवर तक्ता शोधला. भारतीय अडतीस म्हणजे जपानी पंच्याऐंशी. तक्ता बरोबर होता आणि मी चूक एका एककातून दुसऱ्या एककात अत्यंत काळजीपूर्वक नेली. रोज सकाळी पेशीला हात लावण्याआधी मी यंत्राचा शून्य जुळवते; काचेच्या नळीचा स्वतःचा जो फरक असतो तो वजा केल्याशिवाय पुढच्या कुठल्याच आकड्याला अर्थ नसतो. चार वर्षांत हे मी हजारहून अधिक वेळा केले असेल. आकडा कुठून आला, कुणी मोजला, असे मी स्वतःच्या बाबतीत एकदाही विचारले नाही, कारण विचारायचे तर आरशासमोर टेप घेऊन उभे राहावे लागले असते.

आणि इथे तर मोजायला माणसे हजर असतात. इथल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये त्या मजल्यावर गळ्यात टेप अडकवलेल्या बायका असतात, आणि माप घेऊ का असे प्रत्येकीला विचारतात. मी चार वर्षे त्यांना तेच उत्तर देत आले: नको, मला माझा नंबर माहीत आहे. पुण्याहून निघताना जे काही ठामपण सोबत घेतले होते, त्यातले बरेच तिथे खर्च झाले. त्यांच्याकडे पंच्याऐंशीचा घेर क्वचितच असे, म्हणून मी तोक्योजवळच्या इचिकावातल्या एका मराठी ताईंना सांगून ठेवायचे. त्या नवऱ्याच्या नोकरीमुळे बारा वर्षे तिथे राहत होत्या आणि दर दिवाळीनंतर पुण्याहून परतताना अर्धी बॅग आम्हा चार-पाच जणींच्या ब्रांनी भरून आणायच्या. वाटप करताना म्हणायच्या, "यांच्या संडासाला सतरा बटणं आहेत, पण आपल्यासाठी दोन वाट्या शिवता येत नाहीत." आम्ही हसायचो. मी त्यातले अडतीस नंबरचे तीन नग उचलायचे.

नोव्हेंबरच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, मी त्या मजल्यावर गेले आणि माप घ्या म्हणाले. ती बाई माझ्या आईच्या वयाची होती. बूट काढून आत गेल्यावर तिने पडदा लावला, माफी मागितली, टेप हातात धरून क्षणभर ऊब दिली आणि मग मोजले. छातीखाली बहात्तर. छातीवर शंभर. तिने आकडे एका लहान कार्डावर लिहिले. मग ती माझ्या उजव्या खांद्याकडे पाहू लागली. तिथे पट्ट्याच्या जागी बोटभर रुंदीची, काळपट, खोल खाच आहे, डावीकडे तशीच. मला वाटायचे की ती सगळ्यांनाच असते.

"या खुणा किती वर्षांच्या आहेत?" तिने विचारले.

मला जपानीत वर्षे मोजायला वेळ लागला. सोळा, असे सांगितले.

मग तिने माझा नंबर सांगितला, एच सत्तर. रुग्णालयात वाईट निदान सांगावे तसा तिचा आवाज खाली गेला होता. दुकानात एफपर्यंतच असते, असे म्हणून तिने तीनदा कमरेतून वाकून क्षमा मागितली आणि एक मिनिट थांबायला सांगून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात फिकट बदामी रंगाची, जाड कापडाची, सपाट वस्तू होती. छाती लहान दाखवणारा प्रकार, ती म्हणाली. फार खपतो.

"ही घातली की कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

"मला त्रास लक्षात येण्याचा नाही," मी म्हणाले. "हात बधिर होण्याचा आहे."

तिने पुन्हा क्षमा मागितली. तिचा काही दोष नव्हता, आणि माझ्या बोलण्यातला धारदारपणा तिच्यासाठी नव्हता हे तिला कळले असावे. निघताना तिने ते कार्ड दोन्ही हातांनी मला दिले. पुण्यातली माझी आई आणि सेंदाईतली ही विक्रेती एकमेकींना कधी भेटणार नाहीत, पण मदत म्हणून दोघींनी मला एकच वस्तू देऊ केली होती: न दिसण्याची सोय.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. मी तिला दोन्ही मापे सांगितली. ती म्हणाली, असले फोनवर बोलू नकोस, बाबा शेजारी बसलेत. मग खुर्ची सरकल्याचा आणि गॅलरीचे दार ओढल्याचा आवाज आला.

"खाच मलाही आहे," ती म्हणाली. "डावा हात तर रात्री उशाशी घेऊन झोपते मी."

"मग दुकानात मोठा नंबर का मागितलास?"

"काय मागणार होते गं? तिथे दुसरं होतं काय?"

  राग आजही आहे, आणि तो कुणाच्या नावावर जमा करावा हे ठरत नाही.

एच सत्तर मागवायला मी त्याच आठवड्यात सुरुवात केली. पहिली आली ती दुकानातल्याहून वेगळ्या उत्पादकाची होती. घेर बरोबर, कप अपुरा, कारण अक्षरांचा हिशेब प्रत्येकाचा थोडा वेगळा. परत पाठवली. दुसरीकडे तो आकार मागणी नोंदवल्यावरच शिवत. डिसेंबर गेला, नवीन वर्षाची सुट्टी आली, क्षमायाचनेची दोन पत्रे आली. त्या काळात मी जुनीच ब्रा पाठीमागे दोन इंच दुमडून, हाताने टाके घालून वापरत होते. मिनिटे अठ्ठावन्नपर्यंत गेली. सत्तर लागत होती. दोनदा मी पट्टे काढून, कोटाखाली ओढणी करकचून बांधून प्रयोग केला. दोन्ही पेशी मिळाल्या आणि दोन्ही दिवशी श्वास अपुरा पडत होता. आईने दिलेल्या त्या ओढणीचा एवढा एकच वैज्ञानिक उपयोग झाला.

जानेवारीअखेर माझ्याकडे एकतीस पेशी होत्या. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे त्रेचाळीस. तो चांगला संशोधक आहे. त्याची बोटे त्याची होती, एवढाच फरक मी नोंदवते.

आढाव्याच्या अर्जात एक चौकट होती: कामातील विलंबाचे कारण.  सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, बैठकीआधी मला बोलावून विचारलेही होते. ते सभ्य गृहस्थ आहेत. म्हणाले, "काही अडचण असेल तर सांगा. मी समितीपुढे मांडीन."

मी त्यांच्या टेबलावरच्या कागदांकडे पाहिले. समितीत सहा पुरुष होते. त्यांच्यापैकी कुणीतरी मोठ्या आवाजात ते वाचेल, आणि त्यानंतर मी कुठलाही निष्कर्ष मांडला तरी माझ्याकडे आधी पुण्यातल्या त्या काकांसारखेच पाहिले जाईल, असे मला वाटले. कदाचित तसे झाले नसते. ते गृहीतक मी तपासले नाही.

"खांदा," मी म्हणाले. "आता बरा आहे."

त्यांनी मान हलवली आणि औषधी पट्ट्यांची शिफारस केली. अर्जातल्या चौकटीत मी लिहिले: उपकरणाची जुळणी. वाक्य खोटे नव्हते. समितीला ते कारण पुरेसे वाटले नाही, यात त्यांची चूक काढता येत नाही.

पार्सल फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आले. कागदाच्या तीन थरांत, काळ्या रंगाची, पाठीमागे चार हुकांची. घातली तेव्हा काही विशेष घडले नाही. फक्त खांद्यांवर काही नव्हते. मी आरशासमोर उभी राहून दोन्ही पट्ट्यांखाली एकेक बोट घालून पाहिले. सहज गेले. मला आनंद व्हायला हवा होता. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि सोळा वर्षे गुणिले तीनशे पासष्ट असा गुणाकार करू लागले, आणि मध्येच सोडून दिला.

एप्रिलपासून योकोहामातल्या एका कंपनीत कामाला लागायचे होते. काम दुसऱ्यांनी नोंदवलेल्या संकेतांचे पडद्यावर विश्लेषण करण्याचे आहे. बोटे बधिर असली तरी चालतील असे.

२८ मार्चला माझे यंत्र उतरवून द्यायचे होते. त्याआधी सकाळी मी शेवटचा एक काप घेतला. कुणाला हवा म्हणून नाही, मला हवा म्हणून. नेहमीप्रमाणे शून्य जुळवला. तिसऱ्या प्रयत्नात पेशी चिकटली. सत्तर मिनिटे झाली तेव्हा मी थांबले नाही. शंभर झाली. बाहेरच्या मार्गिकेत ट्रॉलीवरून कुणाची तरी खोकी जात होती. काप सरकला की डावा हात आपोआप चाक फिरवत होता, हवे तेवढेच, आणि करंगळीला चाकावरच्या बारीक खाचा एकेक करून कळत होत्या. शेवटी पेशी तिच्या वयाने गेली, माझ्या हाताने नाही. मी वही उघडली. चाळिसांच्या हिशेबाबाहेरच्या या पानाला आता कुणी वाचक नव्हता. तक्त्याच्या आठव्या रकान्यात, जो मी ऑक्टोबरनंतर आखला होता, एच सत्तर असे लिहिले, आणि त्याच्यासमोर बधिरपणाविना गेलेली मिनिटे: १९२.