जिन्याच्या वळणापर्यंत

लखनौत घरोघरी केबल आली, तरी आलमबागच्या व्हिडिओ लायब्ररीतले ते गृहस्थ जुने इटालियन भयपट दुरुस्त करत बसत. एकाच सिनेमाच्या दोन-तीन झिजलेल्या कॅसेट उघडायच्या आणि धड तुकडे जोडून एक अखंड प्रत करायची. काही गाळलेलं त्यांना खपत नसे. म्हणत, "खून है तो खून रहेगा, साहब. अधूरी चीज़ हम नहीं देते."

बायको गेल्यावर मी त्यांच्याकडून एकच सिनेमा वरचेवर नेऊ लागलो. त्यातली एक बाई जिना चढताना वळणावर थांबून मागे बघते, अगदी माझ्या बायकोसारखी. वर पोचताच तिचा खून होतो. मी वळणापर्यंतच बघायचो आणि फीत मागे फिरवायचो.

एकदा परत केलेली कॅसेट त्यांनी उघडून उजेडात धरली. फीत एकाच जागी सुरकुतली होती, त्यापुढे अगदी नव्यासारखी. ती त्यांनी बाजूला ठेवून दिली.

आठवड्याने त्यांनी तीच कॅसेट माझ्यापुढे सरकवली. "यह आप रखिए," वर न बघता म्हणाले, "वापस मत लाइएगा."

घरी येऊन लावली. बाई वळणावर थांबली, तिने मागे बघितलं आणि ती वर निघून गेली. पुढे फीतच नव्हती.