थांब जरा!

कोलार रोडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये पुण्याहून एक गृहस्थ राहायला आलेत. जिन्यात भेटले की सुरूच, "पगार पुण्याच्या निम्मा हो! पण इथलं भाडं? अहो, मजा आहे!" भाजीवाल्यालाही ते उत्साहाने पुण्याचे भाव ऐकवतात आणि तो लगेच आपले वाढवतो.

काल त्यांची आई आली. पुण्यात त्या हॉलमध्ये झोपायच्या. इथे त्यांना स्वतंत्र खोली! ती दाखवायला मला अक्षरशः ओढत नेलं. आई दार सताड उघडं ठेवून पलंगाच्या कडेला अवघडून बसलेल्या. गृहस्थांनी बाहेरून दार लोटलं आणि टकटक केली.

"आई, आत येऊ?"

मग आतून खणखणीत आवाज आला, "थांब जरा!"

गृहस्थ माझ्याकडे वळले. "ऐकलंत?"