कौन्सिलवाल्यांची सून

आमच्या घराला गावात कौन्सिलवाले म्हणतात. आडनाव वेगळंच आहे, पण ते सातबाऱ्यापुरतं. एकोणिसावं शतक सरता सरता माझ्या सासऱ्यांचे आजोबा मुंबईच्या गव्हर्नराच्या कायदे कौन्सिलात मेंबर होते. पगडी घालून, दोन गडी बरोबर घेऊन ते पुण्याच्या बैठकांना जायचे. सरकार गावाचं गायरान गिळायला निघालं तेव्हा भर कौन्सिलात ते वाघासारखे उठले आणि गव्हर्नराला त्यांनी घाम फोडला. लग्न होऊन मी मिरजेहून सातारा जिल्ह्यातल्या या गावात आले, त्या पहिल्याच आठवड्यात ही हकिकत मी तिघांकडून ऐकली. तिघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की गव्हर्नराचा घाम कमीजास्त व्हायचा.

या पराक्रमाचा पुरावा म्हणजे एक पुस्तक. कौन्सिलाच्या कामकाजाचं, छापील, विटेएवढं जाड, लाल कापडात बांधलेलं. खंडेनवमीला पाटावर कोयते, खुरपी, विळे मांडायचे, आमच्या ह्यांचा फौजेतला पट्टा ठेवायचा आणि मधोमध ते पुस्तक. कापडावरूनच हळदकुंकू, वर झेंडूचं फूल, पुढे नारळ. पूजा झाली की पुन्हा फडताळात. उघडायचं कुणी? इंग्रजी ना! मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "देव काय कुनी सोडून बगतं व्हय?" झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी.

मामंजी गावचे सरपंच. बायकांसाठी पंचायतीत जागा राखीव होती, तिथं त्यांनी मला न विचारता माझा फॉर्म भरून टाकला. मी बिनविरोध निवडून आले हे मला पेढे वाटायला आले तेव्हा कळलं. मग दर महिन्याला ग्रामसेवक रजिस्टर घेऊन ओट्यावर यायचा. आमच्याकडच्या सगळ्या गावांची हीच रीत होती. सभा पुरुषांनी करायची आणि बाईमाणसाच्या सहीसाठी रजिस्टर घरी पाठवायचं. ग्रामसेवक पेन्सिलीनं बारीक फुली मारून आणायचा आणि म्हणायचा, "हितं करा वयनी." मी पदराला हात पुसायची, सही करायची, त्याला चहा द्यायची. दोन वर्षं मी अशी मेंबर होते. इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांची मुलगी, मॅट्रिक पास, लांब जिभेची म्हणून माहेरी प्रसिद्ध! पण या दोन वर्षांत मी सही केलेल्या कागदावरची एक ओळ वाचली नाही. आज सांगतानाही माझं मलाच मारावंसं वाटतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या दुसऱ्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, फडताळ उघडलं तर पुस्तकाचं कापड उंदरांनी कुरतडलेलं. "नवीन बांद गं ह्याला," असं म्हणून त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्या पुरणाची डाळ निवडायला गेल्या. मी कापड सोडलं. पुस्तक उघडायला गेले तर उघडेना. पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. पूर्वी पुस्तकं अशी यायची, वाचणाऱ्यानं सुरीनं पानं मोकळी करायची. म्हणजे ज्यानं ते पुस्तक घरात आणलं, त्यानंसुद्धा ते वाचलेलं नव्हतं! ऐंशी वर्षं आम्ही त्याला हळदकुंकू वाहत होतो. मी उठले, भाजीची सुरी आणली आणि सरळ पानं कापायला सुरुवात केली.

हजेरीत त्या मेंबर आजोबांचं नाव सापडलं. एका बैठकीला, दुसऱ्या, तिसऱ्या. हजर, हजर, हजर. बोलले कुठंच नाहीत. शेवटी चराईच्या कायद्याची चर्चा आली. डोंगरउतार गुरांना बंद करायचा तो कायदा. माझं काळीज धडधडायला लागलं, आता वाघ उठणार. वाघ उठला. चारच ओळी होत्या. सदर सभासदांनी मराठीत दोन शब्द सांगितले, त्यांचा आशय असा, की आपल्या जिल्ह्यातल्या रयतेची या कायद्याला काही हरकत नाही. आणि खाली बसले.

मी ते तीनदा वाचलं. गावावरचा डोंगर सरकारच्या ताब्यात कसा गेला ते आता कळलं. गव्हर्नराला घाम फुटला नव्हता, रयतेला न विचारता तिची संमती देऊन टाकली होती. आधी मला लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग जो राग आला तो त्या म्हाताऱ्याचा नव्हता. त्याला निदान इंग्रजी येत नव्हतं. माझं रजिस्टर तर मराठीत होतं.

पुढच्या खेपेला ग्रामसेवक आला तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, आज वाचून बघते."

"तुमाला कशाला डोस्क्याला ताप वयनी? नेमीचंच हाय."

नेहमीचं कसलं! उरलेलं गायरान, डोंगराच्या पायथ्याचा तो तुकडा, फळबाग संस्थेला द्यावा असा ठराव होता. संस्था म्हणजे कोण, तर मामंजींचे दोन पुतणे. खालच्या आळीतल्या बिनजमिनीच्या घरांची शेरडं त्या तुकड्यावर जगायची. दुष्काळी माण तालुक्यातली मेंढरं उन्हाळ्यात तिथं उतरायची. दुष्काळात त्या शेरडांच्या दुधावर किती घरांची लेकरं तगली ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. कुंपणच शेत खायला निघालं होतं आणि ठरावाखाली आधीच लिहिलेलं होतं, 'सर्वानुमते मंजूर'. माझ्या नावापुढं पेन्सिलीची फुली.

मी रजिस्टर मिटून त्याच्या हातात दिलं. "सभा कधी आहे? मी तिथंच येते."

रात्रीच्या जेवणाआधीच मामंजींपर्यंत बातमी पोचली. दारातूनच ते गरजले, "सई करायची नसंल तर मिरजेचा रस्ता उगडा हाय!" मालक सरहद्दीवर, पदरात दोन मुली. माहेरी वडील थकलेले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण एवढं खरं, की त्या घटकेला मी सही केली असती तर पुढं आरशात तोंड बघवलं नसतं.

सभेला गेले. सहा पुरुष, सहा खुर्च्या. सातवी खुर्ची पंचायतीत कधी लागलीच नव्हती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. ठराव वाचून झाला, मामंजी म्हणाले, "मंजूर?" माना हलल्या.

"माझी हरकत आहे," मी म्हणाले. "लिहून घ्या."

"घरी बोलू," मामंजी दातओठ खात म्हणाले.

"घरी मी सून आहे मामंजी. इथं मेंबर आहे."

"आगं, ज्या घराण्यानं गायरानापायी गवर्नराला घाम फोडला, त्या घराण्याला तू शिकिवणार?"

मग माझा तोल सुटला. पुस्तकात काय छापलंय ते मी अक्षर न अक्षर सांगितलं. 'रयतेची काही हरकत नाही' हे तर दोनदा सांगितलं. पानं कशी जोडलेली होती तेही सांगितलं. एक म्हातारे मेंबर तोंडातला तंबाखू सावरत "आरं तिच्या!" एवढंच म्हणाले. मामंजींचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्यांची दया आली, अगदी खरंच आली, पण मी शब्द मागं घेतला नाही. ठराव सहा विरुद्ध एक असा मंजूर झाला. ते एक मी ग्रामसेवकाच्या हातातून पेन घेऊन माझ्या हातानं लिहिलं.

हरले म्हणा. पण ठराव सर्वानुमते असला की वर कुणी ढुंकून बघत नाही, आणि एक जरी विरोध नोंदला की चौकशी लागते, हे मामंजींना माहीत होतं. मला मात्र तेव्हा नव्हतं. महिन्याभरात तहसीलदार जीपमधून गायरानात उतरले. सगळा गाव जमला. मामंजी आणि पुतणे पुढं, खालच्या आळीतल्या बाया शेरडं धरून लांब उभ्या.

तहसीलदारांनी मोठ्यानं विचारलं, "या मेंबरबाईंखेरीज आणखी कुणाची हरकत आहे काय?"

कुणी बोलेना. बोलणार कशा? सगळ्याजणी आमच्याच उसात खुरपायला येणाऱ्या. उद्या काम बंद झालं तर चूल कशी पेटायची? मी एकेकीकडे बघत होते आणि एकेक मान खाली जात होती. तहसीलदारांनी कारकुनाला खूण केली. कारकून लिहायला वाकला. ऐंशी वर्षांनी पुन्हा तेच छापलं जाणार, असं माझ्या मनात आलं आणि मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "माजी हाय."

आत्याबाई! मामंजी चार माणसांत उभे असताना या बाईनं कधी तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. डोक्यावरचा पदर घट्ट धरून त्या गर्दीतून पुढं आल्या, मामंजींच्या अंगावरून, त्यांच्याकडे न बघता. "मी माणातली हाय सायेब. चाऱ्याबिगर जनावर कसं मरतंय ते मला ठावं हाय. ह्यो तुकडा कुनाला देऊ नगा."

कारकून ओळखीचं हसून लिहायला लागला, "सरपंचांच्या सौभाग्यवती..."

"सौभाग्यवती न्हवं, माजं नाव लिव," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं. मग अंगठा पुढं केला. त्यांच्या मागं खालच्या आळीतली एक बाई आली, तिच्यामागं दुसरी. मग रांगच लागली. अंगठे उठवून उठवून कारकुनाच्या डबीतली शाई सुकली, तेव्हा त्यानं थुंकी लावली.

गायरान राहिलं. आजही आहे, कुणाला बघायचं असेल तर यावं. त्या दिवशी मात्र ते राहील की जाईल याचा पत्ता नव्हता. जीप गेली, मामंजी एकटेच तरातरा पुढं निघून गेले आणि आम्ही दोघी मागं राहिलो.

"आत्याबाई," मी म्हटलं, "आता घरात कसं पाऊल टाकायचं?"

त्यांनी अंगठ्याची शाई खुशाल लुगड्याला पुसली. "चल गं," त्या म्हणाल्या, "घर काय त्यांचं एकट्याचं हाय व्हय?"