युरोपमामाची प्रगती

आमच्या युरोपमामाने नागपूरच्या पुढे कधी पाऊल टाकले नाही. पण भारत आणि युरोपमधल्या मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी अकोल्याच्या जुन्या शहरात, त्याच्याच ओसरीवर चालल्यासारखा तो बोलायचा.

टीव्हीवर बातमी लागली की अमरावतीला मला फोन. "प्रगती हाय!" कशात, ते विचारायची सोय नव्हती. "गाड्यायवर अडलं हाय. संत्र्याचं तं कवाच ठरलं." कोणी सांगितले, असे विचारले की म्हणायचा, "तुले काय समजते पोरी? तू किराण्याची यादी कर." यादी मी करतेच. त्यात कल्पनेतला माल नसतो.

लहानपणी त्याने आम्हाला खांद्यावर बसवून कौंडण्यपूरची जत्रा दाखवली होती. त्या एका पुण्याईवर आम्ही त्याचे जन्मभर ऐकून घेतले. सगळ्यात जास्त ऐकले अचलपूरच्या माझ्या दादाने.

आमच्याकडे संत्र्याची बाग झाडावरच विकतात. व्यापारी फळ पाहतो, इसार देतो. पुढची फळगळ, तोडणी त्याच्या माथी. त्या वर्षीच्या बहाराच्या पैशावर भाचीला पुण्याला शिकायला पाठवायचे ठरले होते. व्यापारी आला, त्याच दिवशी नेमका मामाही येऊन बसलेला.

"काहून घाई करून राहिला, लेका? करार झाला का हेच संत्रं युरोपात जाईन. परत पाठव त्याले."

वहिनी म्हणाली, "मामाजी, फळ झाडावर किती थांबन?"

"अवं सूनबाई, देश थांबून राहिले, संत्र्याले काय होते?"

दादाने व्यापारी परत पाठवला.

साल सुटली, फळे पोचट झाली, गळू लागली. वहिनी रोज टोपल्या भरून बांधाबाहेर ओतत होती. उरलेल्या मालाला बाजारात कोणी हात लावेना. भाची घरीच राहिली.

थंडी सरता सरता बातमी आली, वाटाघाटी पूर्ण! मामा पेढे घेऊन अचलपूरला हजर. मीही तिथेच होते.

"पाह्य, मी म्हनत होतो न!"

"लागू कधी होणार?" मी विचारले.

"आता मसुदा तपासतीन, सह्या होतीन, मंग..."

वहिनीने पेढा तसाच ताटलीत ठेवला आणि त्याच्यासमोर व्यापाऱ्याला फोन लावला. "भाऊ, औंदा फळ लिंबाएवढं झालं का या. बाग तुमालेच."

मामा दादाकडे वळला. "हिले समजाव न, लेका."

दादाने मामाची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.

"अकोल्याची एसटी लागली असंन, मामा."