विहिरीतला गवा

लग्न होऊन मी माणदेशातून कोयनानगरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत आले. माहेरी आमची मेंढरं कोसावरून दिसायची. इथं पावसाळाभर धुक्यात दारातून गोठा दिसत नव्हता. पंधरा-वीस घरं, उतारावर नाचणीची शेतं, खूप खाली धरणाचं पाणी. सासरे फौजेतून निवृत्त झालेले, आवाज करडा. माझ्या माणदेशी बोलण्याला घरात सगळे हसायचे, म्हणून मी फारसं बोलतच नसे.

दिवाळीनंतर एका सकाळी पाण्याला गेले, तर उतारावरच्या विहिरीत गवा. खांद्यापर्यंत पाण्यात उभा, नाकातून जोरात वाफ सोडत होता. घागर तिथंच टाकून मी पळत घरी आले.

वाडी गोळा झाली. वनखात्याला फोन केला. खोदायचं यंत्र वर यायला संध्याकाळ होईल, असं कळलं. तोवर माणसांनी शिंगांना दोर अडकवून ओढायला सुरुवात केली. दोर मानेत आवळला. गवा घुसमटायला लागला. मला राहवेना.

"मामा, वरनं वडू नका, मरंल त्यो," मी सासऱ्यांना म्हणाले. "उताराकडची दरड फोडा. आपल्या पायानं यील वर."

"तुला काय ठावं?"

"आमची म्हस पडली व्हती आडात. माज्या आबांनी अशीच काढली."

सासरे वळून ओरडले, "दोर सोडा रं! टिकाव आना!"

दुपारपर्यंत सगळे खणत होते. मी आणि सासूबाई घमेल्यांनी माती ओढत होतो. तोवर वनरक्षक आला. शेवटचा बांध फोडण्याआधी त्यानं सगळ्यांना लांब पिटाळलं. पाणी भसाभस खाली गेलं. गवा बराच वेळ हललाच नाही. मेला तर सगळं माझ्या माथी. मग दोनदा घसरून तो वर आला, आमच्या उभ्या नाचणीतून सरळ रानात गेला.

नाचणी निम्मी आडवी झाली. विहीर फुटल्यामुळं उन्हाळ्यापर्यंत खालच्या झऱ्यावरून पाणी आणावं लागलं. बायका मला चार शब्द बोलल्याही. पण उन्हाळ्यात विहीर बांधताना सासऱ्यांनी पाणी अडेल एवढाच बांध घालून बाकी खणलेला उतार बुजवू दिला नाही. तिथं पायऱ्या घातल्या. त्या कशा असाव्यात, हे मला विचारायला ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते.