मल्कीयाचा हात

मल्कीयाच्या हातात लाकूड दिलं की तो आधी ते उलटंपालटं करून बघणार. साल नखानं खरवडणार, टोकाला डोळा लावणार, कानाशी धरून ठोकणार आणि मगच म्हणणार, "घे." मग ते लाकूड घरच्या चुलीत जायचं असो, नाहीतर तद्दाय कुंभाराच्या भट्टीत. तद्दाय वैतागायचा. "अरे बाबा, मडकी भाजायचीत मला. माझ्या भट्टीला कसलं आलंय सोवळं? किडा असला तर तोही भाजेल." मल्कीया मान डोलवायचा आणि पुढच्या लाकडाला पुन्हा डोळा लावायचा. आमच्या केफर-तेना गावात या खोडीची चेष्टा झाली नाही असं एक घर नव्हतं. पण ती खोड लागली कशी, हे कळलं की हसणारा गप्प व्हायचा.

मल्कीया जन्मला यरुशलेमात, याजकाच्या घरात. बाप, आजा, पणजा, सगळे मंदिरातल्या वेदीपुढं उभे राहिलेले. पोराच्या डाव्या हाताची मधली बोटं मात्र जन्मतःच एकमेकांना चिकटलेली आणि आत वळलेली. आईनं तेल चोळून पाहिलं, पट्टी बांधून पाहिली, कशाचा काही उपयोग झाला नाही. शास्त्र रोखठोक होतं. ज्याच्या अंगात व्यंग, त्यानं वेदीपाशी जायचं नाही. वयात आलेल्या याजकपुत्रांची तपासणी व्हायची. निर्दोष निघाला त्याला पांढरी वस्त्रं आणि घरी मेजवानी, खोट निघाली त्याला काळी वस्त्रं. मल्कीयाच्या बापानं वेडी आशा धरून मेजवानीचा स्वयंपाक मांडला होता. पोरगा काळ्या कपड्यांत दारात उभा राहिला, तेव्हा घरातलं कुणी जेवलं नाही.

त्याला वाऱ्यावर सोडलं मात्र नाही. याजकाचा वाटा त्याला मिळे आणि कामही मिळालं. वेदीवर किडकं लाकूड चालत नसे, म्हणून मंदिराच्या एका कोपऱ्यात व्यंग असलेले याजक दिवसभर लाकडं तपासत बसत. कुणी लंगडा, कुणी एका डोळ्यानं अधू. मल्कीया त्यांच्यात जाऊन बसला आणि बसल्या जागी त्याचे केस पिकले. त्यानं निवडलेलं लाकूड वेदीवर जायचं, तो जायचा नाही. सकाळी धूर वर चढायला लागला की तो मनात म्हणायचा, एकदा, एकदाच मला लोकांपुढं याजक म्हणून उभं राहू दे. देवाकडं त्यानं दुसरं काही मागितलं नाही. मला विचाराल तर मागणं काही फार नव्हतं.

मग रोमी आले. मंदिर पेटलं, तेव्हा तपासलेलं आणि न तपासलेलं सगळं लाकूड एकाच आगीत गेलं. बायकोला, शप्पीराला, घेऊन तो उत्तरेला गालीलात आमच्या गावी आला आणि तद्दायच्या भट्टीवर लाकडं घालू लागला.

यज्ञ त्या एकाच जागी करायचा, दुसरीकडं नाही, असं शास्त्र. जागा गेली आणि यज्ञ थांबला. पंडित सांगून पाठवत, प्रार्थना करा, अडल्यानडल्याच्या उपयोगी पडा, देव तेच बळीच्या ठिकाणी धरील. ऐकायला बरं वाटायचं, पण गावातल्या जुन्या माणसांच्या गळी काही उतरायचं नाही. आईबापांची पापं कोकराच्या रक्तानं फिटली, आमची काय नुसत्या शब्दांनी फिटायची?

तद्दाय वेगळ्या पंथाचा, नासरेथच्या गुरूला मानणारा. तो म्हणायचा, "आमच्यात तो प्रश्नच मिटलाय. एकच बळी झाला, सगळ्यांसाठी, कायमचा. आता पुन्हा कशाला सुरी काढायची?"

"तुझं तुझ्यापाशी ठेव आणि भट्टीकडं बघ, मडकी तडकतायत," मल्कीया म्हणायचा. भांडण यापुढं कधी गेलं नाही. दुपारी दोघं एकाच भाकरीचे दोन तुकडे करून खायचे.

संध्याकाळी निघताना मल्कीया उत्तमातली उत्तम लाकडं वेगळी काढून मोळी बांधायचा. वर्षानुवर्षांची सवय. पण वेदीच नाही, तर ती द्यायची कुणाला? मग कुठं बाळंतीण असेल, कुठं कुणी आजारी असेल, कुठं एकटी म्हातारी असेल, तिथं जाऊन द्यायचा. शप्पीरा कुरकुरायची. "अहो, गावाला खणखणीत सुकं, आणि माझ्या चुलीला तेवढं डोळे फोडणारं ओलं. मी काय पाप केलंय?" तो हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच.

एक गोष्ट मात्र त्याला फार लागायची. सणाच्या दिवशी सभास्थानात, म्हणजे गावाच्या प्रार्थनाघरात, याजकानं लोकांपुढं उभं राहून, दोन्ही हात वर करून आशीर्वाद द्यायचा असतो. वेदी गेली तरी एवढं राहिलं होतं. गावात याजक म्हणजे एकटा मल्कीया. पण ज्याचा हात वाकडा त्यानं हात वर करायचे नाहीत, लोकांचं चित्त आशीर्वाद सोडून हाताकडं जातं, असा नियम. ती वेळ आली की तो हळूच उठायचा आणि बाहेर अंजिराच्या झाडाखाली जाऊन उभा राहायचा. सभास्थानाचा कारभारी झक्काय क्षणभर थांबायचा आणि पुढचं म्हणायला घ्यायचा. आम्ही सगळे आशीर्वादाविनाच घरी यायचो.

एका वर्षी वल्हांडणाच्या सणाच्या तोंडावर एल्याशीब आला. यरुशलेमचाच, मोठ्या घरचा याजक. प्रत्यक्ष वेदीवर सेवा केलेला. आवाज असा की ऐकणाऱ्याची मान आपोआप लवावी. माणूस वाईट नव्हता. फक्त त्या आगीतून त्याचं मन बाहेर आलंच नव्हतं. गावामागच्या टेकडीवर त्यानं न घडवलेले दगड रचले आणि माणसं गोळा केली. म्हणाला, "किती दिवस असं पोरक्यासारखं राहायचं? सणाला इथं कोकरू अर्पण करू. प्रत्येक घरानं एकेक लाकूड आणा." म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. एका धनगरानं तिथंच कोकरू कबूल केलं.

मग एल्याशीब भट्टीवर आला. "मल्कीया, वेदीवर लाकडं तू रचायचीस."

"मी?" मल्कीयानं डावा हात मागं घेतला.

"इथं तुला कोण अडवतंय? मी उभा आहे ना." त्यानं पांढऱ्या तागाचा अंगरखा पुढं केला. "हा तुझा."

मल्कीया धावतच घरी गेला म्हणा ना. अंगरखा घालून दारात उभा राहिला, पोरासारखा. शप्पीरानं त्याला वरून खाली पाहिलं. "शोभतो तुम्हाला," ती म्हणाली. मग खांद्यावरची सुरकुती ओढत हळूच विचारलं, "पण काय हो, तिथं चालत नव्हतं ते इथं कसं चालतं?"

"आज नको गं," तो म्हणाला. "आजच्या दिवस नको."

सणाच्या आदल्या सकाळी गाव टेकडीवर जमलं. तद्दाय काही आला नाही, तो खाली मडकी वाळवत बसला होता. कोकरू खुंट्याला बांधलेलं. घराघरांतून आलेल्या लाकडांचा ढीग दगडांपाशी पडलेला. पांढऱ्या अंगरख्यातला मल्कीया पुढं झाला. आयुष्यभर जे मागितलं ते आता हातभर अंतरावर होतं.

"रच," एल्याशीब म्हणाला.

मल्कीयानं पहिलं लाकूड उचललं. सवयीनं उलटं केलं, टोकाला डोळा लावला. आत पोखरलेली बारीक वाट आणि ताजा भुसा. "हे किडकंय."

"दुसरं घे."

दुसरंही तसंच निघालं. तिसऱ्याची साल तो नखानं खरवडायला लागला, तसा एल्याशीबचा धीर सुटला. "ठेव रे तसंच. चालतंय. आता कोण बघणारंय?"

मल्कीयाचा हात जागच्या जागी थांबला. "मग मी जन्मभर कुणासाठी बघत होतो?" त्यानं विचारलं.

"मल्कीया, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. तिथं किडकं लाकूड चालत नव्हतं, आणि मीही चालत नव्हतो. चिडलो, रडलो, पण त्या जागेचा मानच तेवढा होता. इथं किडाही चालतो आणि मीही चालतो. म्हणजे ही ती जागा नव्हे, एल्याशीब. आपण चार दगड रचलेत, एवढंच."

"आणि या लोकांनी पापं न्यायची कुठं?" एल्याशीबचा आवाज चिरकला. "बोल ना. कुठं न्यायची?"

"ज्याचं वाकडं केलं त्याच्या दारात," मल्कीया म्हणाला. "मला तरी दुसरं सुचत नाही. कोकरू नेणं त्याहून सोपं होतं, हे मलाही कळतं. सुरुवातीला मोळी देताना वाटायचं, वेदी नाही म्हणून इथं देतोय. मग एकदा देऊन परत आलो आणि लक्षात आलं, आज वेदीची आठवणच झाली नाही. त्या दिवशी मी घाबरलो होतो. आज घाबरत नाही."

त्यानं अंगरखा काढला. आत भट्टीवरचा मातीनं माखलेला सदरा. अंगरख्याची घडी घालून त्यानं ती दगडांवर ठेवली, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते त्यानं लपवलं नाही. जे मिळालं होतं ते त्यानं आपल्या हातानं परत केलं होतं. आता या जन्मी तर पुन्हा मिळणार नव्हतं.

झक्कायनं खाली वाकून आपल्या घरचं लाकूड उचललं. मग एकेकानं आपापलं उचललं. धनगरानं कोकरू सोडलं आणि काखोटीला मारून चालू लागला. एल्याशीब एकटाच दगडांपाशी बसून राहिला. मल्कीया थोडा खाली गेला, थांबला, पुन्हा वर चढून आला. "ऊठ. घरी चल जेवायला. शप्पीरानं मसूर शिजवलीय. उपाशीपोटी रडू नये माणसानं."

एल्याशीब गेला त्याच्याबरोबर.

दुसऱ्या दिवशी सणाची प्रार्थना. सभास्थान गच्च भरलेलं. वेळ आली तसा झक्काय म्हणाला, "याजकांनी पुढं यावं." एल्याशीब जोडे काढून पुढं गेला. मल्कीया नेहमीसारखा उठला आणि दाराकडं निघाला.

"कुठं निघालास?" एल्याशीबनं पुढूनच विचारलं.

"अंजिराखाली. तू दे आशीर्वाद. बऱ्याच वर्षांनी मिळतोय गावाला."

"थांब जरा." एल्याशीब झक्कायकडं वळला. "काल यानं मला नियम शिकवला, आज मी याला शिकवतो. वाकड्या हाताला मनाई का, तर लोक बघत बसतात म्हणून. पण जिथं गावाला त्या हाताची सवय झालीय तिथं मनाई नाही. नियम मोडायचा नाहीये, नियमच तसा आहे. विचारा गावाला."

झक्कायनं दाढी कुरवाळली. मग मोठ्यानं विचारलं, "मल्कीयाच्या कुठल्या हाताला खोट आहे?"

"उजव्या," धनगर म्हणाला.

"उजवा कसा?" त्याची बायको मागून कडाडली. "मी बाळंतीण असताना मोळी उजव्या हातानंच पुढं केली होती. धडधाकट होता हात. डावा असेल."

"डाव्यानं तर तो लाकूड धरून ठोकतो. मी रोज बघतो," दुसरा एकजण म्हणाला.

"रोज बघतोस, मग सांग की नीट," धनगर म्हणाला.

"माझ्या आजारपणात दोन महिने आला रोज," कुणीतरी म्हणालं. "उजवाच."

सभास्थानात कलकलाट झाला. त्यातच कोपऱ्यातल्या एका बहिऱ्या म्हातारीनं शेजारणीला विचारलं, आणि बहिऱ्यांचा आवाज मोठाच असतो, "काय झालंय गं मल्कीयाच्या हाताला? भाजला का काय भट्टीवर?"

झक्काय हसायला लागला. हसता हसताच त्यानं डोळे पुसले. "बास. समजलं. मल्कीया, पुढं ये."

मल्कीया दारापाशीच उभा राहिला. तेव्हा एल्याशीब स्वतः त्याच्यापाशी आला, पाण्याचं भांडं घेतलं आणि वेदीवर सेवा केलेल्या हातांनी त्याच्या दोन्ही हातांवर पाणी घातलं. उजव्यावर आणि डाव्यावर, सारखंच. दोघं पुढं जाऊन शेजारी शेजारी उभे राहिले. मल्कीयानं हात वर केले. आम्ही माना खाली घातल्या. एल्याशीबचा आवाज घुमत होता, पण मला ऐकू आला तो दुसरा, घोगरा, पहिल्या शब्दाला अडखळलेला आणि दुसऱ्या शब्दापासून असा चढलेला की बाहेर अंजिरावरची पाखरं उडाली. शेवटच्या शब्दाला सगळं गाव एका दमात "आमेन" म्हणालं. खाली भट्टीपाशी तद्दायलाही ते ऐकू गेलं, आणि तोही म्हणाला, असं त्यानंच नंतर सांगितलं.

घरी जेवायला बसताना मल्कीयानं बायकोला विचारलं, "शप्पीरा, खरं सांग. हात दिसत होता का गं फार?"

तिनं त्याच्या ताटात वाढलं, चुलीतलं ओलं लाकूड पुढं सारलं आणि धुरानं चुरचुरणारे डोळे पुसत म्हणाली, "कुठला?"